कुसुमच्या बाळाचा एकटा गुर्दा

मी गुर्दा बोलतोय. शाळेच्या पुस्तकात मला मूत्रपिंड म्हणतात, पण आमच्या रामाकोना गावात तसं म्हटलं तर ओळखेल कोण? मी डावा. उजव्या बाजूला कोणीच नाही.

कुसुमच्या पोटातलं बाळ वाटाण्याएवढं होतं, तेव्हा माझी सुरुवात झाली. माझ्या जागेवरच्या पेशींनी एक प्रथिन तयार केलं आणि शेजारच्या नळीला बोलावणं धाडलं. नळीला फांदी फुटली, ती माझ्यात शिरली, तिला आणखी फांद्या फुटल्या. मग बोलावण्याचं प्रथिन बंद, गाळण्या विणणारी प्रथिनं सुरू! लग्नात आधी मांडव पडतो, मग पंगत बसते, तसंच हे. उजवीकडे मात्र बोलावणंच गेलं नाही. भाऊ झालाच नाही. फार वाईट वाटतं हो.

इकडे कुसुमचं पोट काही वाढेना. सौसरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पिशवीत पाणी कमी आहे. बाळाचे गुर्दे नसले की असं होतं, आणि गुर्देच नसले तर ते जगत नाही. नागपूरला मशीनवर दाखवून आणा."

कुसुमला रडू कोसळलं. सासू शांताबाईनं मात्र "पाणी कमी" एवढंच ध्यानात धरलं. मग काय, तांब्यावर तांबे!

"पे वं पोरी, अजून पे. पोट्टं सुकून राहिलं आतमंदी!"

कुसुम बिचारी दिवसभर लघवीला पळत होती. अहो आजी, पिशवीतलं पाणी मी बनवतो! पण माझं ऐकतो कोण?

छोट्या रेल्वेगाडीनं सगळे नागपूरला गेले. डॉक्टर सोनोग्राफीच्या पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिले. कुसुमनं नवऱ्याचा, उत्तमचा, हात घट्ट धरला होता.

"उजवा गुर्दा नाही," डॉक्टर म्हणाले. "डावा आहे, आणि चांगला आहे. मूत्राशय भरलेलं दिसतंय, म्हणजे बाळ लघवी करतंय. पोटातलं पाणी म्हणजे तीच."

शांताबाई उडालीच. "अगाई! म्हंजे पोट्टं पोटातच मुतून राहिलं?"

"मुतू द्या, आई. म्हणूनच तर भीती नाही. पाणी थोडं कमी आहे, पण पुरेल. जन्मल्यावर लघवी झाली की मिटली काळजी."

पोरगा झाला. रडला, दूधही प्याला, पण लंगोट कोरडाच. कुसुम घडीघडी हात लावून पाहायची. मी आत जीव तोडून गाळत होतो, पण घाई करून होतं का ते?

शेवटी शांताबाईनं त्याला मांडीवर घेतलं आणि धार थेट तिच्या अंगावर!

"मुतला वं कुसुम, मुतला!" ओलं लुगडं दाखवत ती अख्ख्या दवाखान्यात फिरली. अनोळखी लोकांनाही तिनं गूळ वाटला. कुसुम खाटेवर हसत होती आणि डोळे पुसत होती. मलाही हुश्श झालं.

आता पोरगा रांगतो. नव्या गाळण्या मला विणता येत नाहीत, ते काम पोटातच संपलं. आहेत तेवढ्या जपायच्या. तेव्हा बाबा, मोठा झालास की पाणी पीत जा, एकट्यावर फार भार टाकू नकोस.

आणि कुसुम, तू अजून झोपेतून उठून लंगोट चाचपतेस ना? नको उठू, माय. झोप सुखानं. मी जागा आहे.