पंचेचाळीस बाय पस्तीस

मधुवंती देवधर बोटीच्या टाकीत अडकली, तेव्हा भाऊबीज होऊन जेमतेम चार दिवस झाले होते. अडकण्यात फराळाचा बराच वाटा होता, हे तिनं तिथंच, अंधारात पालथं पडल्या पडल्या मान्य करून टाकलं.

गार्डन रीचच्या पुढं, हुगळीच्या काठावर एक लहानशी गोदी आहे. नदीत माणसं वाहणाऱ्या फेरीबोटी तिथं बांधतात. मधुवंती तिथं बावीस वर्षं सांधे तपासते. बोटीच्या तळाशी लोखंडी टाक्या असतात, एकीला चिकटून दुसरी. मधल्या भिंतीत माणसानं सरपटत पलीकडं जावं एवढंच एक लांबट गोल भोक असतं. रुंदी पंचेचाळीस सेंटिमीटर, उंची पस्तीस. वेल्डर आत जाऊन सांधे जोडतात आणि त्यांच्यामागून मधुवंती टॉर्च घेऊन जाते, प्रत्येक सांधा डोळ्यांनी पाहते, त्यावरून अंगठा फिरवते आणि बाहेर येऊन सही करते. स्वतः न पाहिलेल्या सांध्यावर तिनं आजवर सही केलेली नाही. घरीसुद्धा बाईंचं हेच. लेक वैदेहीच्या प्रगतिपुस्तकावर सही हवी असेल तर आधी सगळे पेपर समोर मांडावे लागत.

तर अशी ही बाई तिसऱ्या भोकात डोकं, हात, खांदे घालून कमरेपर्यंत गेली आणि तिथं थांबली. पुढं जाईना, मागं येईना. शेवटी टाकीच्या तोंडाशी उभा असलेला म्हातारा फोरमन तपनदा आत आला आणि "दीदी, साँस छोड़िए," म्हणत त्यानं तिला पाय धरून मागं ओढलं. वर आल्यावर कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

मॅनेजर भला माणूस होता. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला आणि हळूच म्हणाला, की आता काठीला लावलेला कॅमेरा मिळतो, तो आत जाईल, तुम्ही वर बसून पडद्यावर बघा आणि सही करा.

"कॅमेऱ्याला अंगठा नसतो," मधुवंती म्हणाली. "मी सही करणार नाही."

मग मॅनेजरनं मुदत दिली. बोट पाण्यात सोडायची होती डोलपौर्णिमेच्या, म्हणजे आपल्या होळीच्या, मोठ्या भरतीला. त्याच्या चार दिवस आधी टाक्या कायमच्या बंद होणार. तोवर मधुवंती आत जाऊ शकली तर काम तिचं. नाहीतर कॅमेऱ्याचा माणूस येईल आणि ती गोदामात, नटबोल्टांच्या खोक्यांवर देखरेख करायला. हातात चार महिने होते.

त्या संध्याकाळी घरी तिनं बॅग ठेवायच्या आत जाहीर केलं, "उद्यापासून मी चालत जाणार. खिदिरपूर ते गोदी, साडेपाच किलोमीटर, रोज!"

जिमला वेळ नव्हता, धावायला गुडघे तयार नव्हते, चालणं तेवढं हातात होतं. नवरा अनिल बँकेत अधिकारी. पाटणा, गुवाहाटी अशा बदल्या भोगून वर्षापूर्वीच कलकत्त्याला परतला होता आणि रिकाम्या वेळात मोबाईलवर आरोग्याचे लेख वाचून सगळ्यांना शहाणं करत होता. तो म्हणाला, "नुसत्या चालण्यानं वजन उतरत नाही गं. एक तास चाललीस, तर दोन लाडूसुद्धा जिरत नाहीत. मी वाचलंय."

"मग मी दोन तास चालेन," ती म्हणाली.

अनिलनं मान हलवली. पण तो माणूस तोंडाचा जेवढा शहाणा, तेवढाच हातांचा कामसू. रविवारी त्यानं गुवाहाटीहून सामान आलेल्या खोक्याचं प्लायवूडचं झाकण काढलं आणि त्यात टाकीतल्यासारखं भोक कापलं. मधुवंतीनं स्वतः टेप लावून मापलं. पंचेचाळीस बाय पस्तीस, एक सूत इकडंतिकडं नाही. झाकण बेडरूमच्या चौकटीत उभं बांधलं आणि पहिली परीक्षा झाली. दिवाणखान्यातून मधुवंती आत शिरली आणि कमरेशी अडकली. हुबेहूब टाकीतल्यासारखी! वैदेहीनं तिच्या काळ्या ट्रॅक पँटवर, जिथं फळी टेकली तिथं, शिवणाच्या खडूनं रेघ मारली. ही रेघ दर रविवारी खाली खाली सरकली पाहिजे, असा नियम ठरला. मधुवंतीला मागं ओढताना प्लायच्या कडेनं कंबर दोन्हीकडून सोलवटली. तेव्हा दुसऱ्या दिवशी ती चालायला गेलेली असताना अनिलनं जुन्या गोधडीची पट्टी दुमडून भोकाच्या कडेला सगळीकडून पक्की ठोकून टाकली. ती घरी आली, पट्टीवरून हात फिरवला आणि नवऱ्याला मनापासून "गुणाचा आहेस रे" म्हणाली.

आणि सुरू झालं चालणं! पहाटे सहाला बूट चढवून बाई बाहेर. डॉकचा पूल जहाजासाठी उघडला की बसमधली माणसं कंटाळून खिडकीतून माना काढत, आणि ही पुलाच्या तोंडाशी उभ्या जागी पाय उचलत राही. चौथ्या दिवशी पुलावरच्या पहारेकऱ्यानं सलाम ठोकला. दहाव्या दिवशी तिला बूट बदलावे लागले. धाप कमी झाली, झोप गाढ लागू लागली, गोदीचा जिना चढताना ती चक्क बोलू लागली. उत्साह असा, की कोणी सहज "कशा आहात" विचारलं तरी ती किलोमीटर सांगे.

फक्त रेघ ऐकेना. दुसऱ्याच रविवारी ती खाली सरकायची सोडून दोन बोटं वर गेली!

"लाडू," अनिल म्हणाला.

लाडू तर होतेच, पण नुसते लाडू नव्हते. चालून आलं की अशी सपाटून भूक लागे, की तपनदानं पुढं केलेल्या कचोऱ्या तिला आपल्या हक्काच्या वाटत. रात्री एक पोळी जास्त जाई, आणि थंडी पडल्यावर मिठाईवाल्याकडं नव्या गुळाचा संदेश आला, त्याचं तर नावच काढू नका. डिसेंबरच्या मध्यावर वजनकाट्यावर उभी राहिली तर सुरुवातीचं शहाऐंशी किलो चारशे ग्रॅम आता बरोबर सत्त्याऐंशी झालेलं. महिनाभर रोज साडेपाच किलोमीटर तुडवून बाईसाहेब सहाशे ग्रॅमनं वाढल्या होत्या.

अनिल काहीच बोलला नाही. त्याच्या त्या न बोलण्याचा तिला इतका राग आला, की त्या दिवसापासून तिनं येतानाही खिदिरपूरच्या घरापर्यंत चालायला सुरुवात केली, आणि कचोऱ्यांना हात जोडले. तपनदा हिरमुसला. दोन दिवसांनी त्याचा तोच पेरू घेऊन आला.

जानेवारीत रेघ हलली. अर्धं बोट! वैदेही ओरडली, "पारबे आई, तू पारबे!" कलकत्त्यात वाढलेली पोर, आनंद झाला की तिच्या तोंडून बंगालीच येतं. जमेल तुला, जमेल, असं ती म्हणत होती. तेव्हापासून रविवारच्या परीक्षेची ती घोषणाच झाली. मधुवंती सरपटतेय, वैदेही खडू घेऊन गुडघ्यांवर, अनिल फळी धरून, आणि सगळं घर "पारबे, पारबे" करतंय! खालच्या मजल्यावरच्या मावशी एकदा काय धडपडतंय म्हणून बघायला आल्या, त्याही ओरडायला लागल्या. फेब्रुवारीत रेघा भराभर खाली येऊ लागल्या. बॉयलर सूटचा पट्टा दोन भोकं आत गेला. काटा मात्र मुलखाचा चिक्कू. त्र्याऐंशी किलोवर येऊन जो बसला, तो उठायला तयार नाही.

"साडेतीन किलोसुद्धा नाही," अनिल काट्याकडं बघत म्हणाला, "चार महिन्यांत."

"मला काट्यातून जायचं नाहीये," मधुवंती म्हणाली, "भोकातून जायचंय."

डोलपौर्णिमेआधीचा शेवटचा रविवार उजाडला. मंगळवारी टाक्या बंद होणार होत्या. मधुवंतीनं उपाशीपोटी श्वास सोडला आणि शिरली. डोकं, खांदे, कंबर, आणि कंबर गेलीसुद्धा! वैदेही किंचाळली. मग नितंब आले आणि तिथं, रुंद भागाच्या जेमतेम तीन बोटं अलीकडं, गोधडीच्या पट्टीनं तिला गच्च धरलं. तिनं पाय रोवले, वळून पाहिलं, अंग तिरकं केलं. काही उपयोग झाला नाही.

अनिलनं तिला मागं ओढलं. ती फरशीवर बसली आणि रडली. चार महिने बाईनं थंडी पाहिली नाही, धूर पाहिला नाही, पायांचे फोड पाहिले नाहीत, आणि आता तीन बोटांवरून बावीस वर्षांचं काम हातातून चाललं होतं. तिला फार वाईट वाटत होतं आणि ते लपवण्याची ताकद नव्हती. वैदेही तिच्या मांडीत डोकं घालून बसली. अनिल पाण्याचा पेला घेऊन नुसता उभा राहिला.

मंगळवारी ती तरीही चालत गेली. गोदीत कॅमेऱ्याचा माणूस लांब काठी जोडत बसलेला दिसला.

"आधी मी एकदा जाऊन येते," ती मॅनेजरला म्हणाली. "अडकले, तर तुमचा कॅमेरा आणि माझं गोदाम."

पंख्यानं टाकीत हवा सोडून झाली होती, आतला गॅस तपासून झाला होता. तपनदानं तिच्या कमरेला दोर बांधला. "जल्दी मत कीजिए दीदी," तो म्हणाला आणि तोंडाशी बसला.

मधुवंती आत उतरली. लोखंड गार होतं, रंगाचा वास डोक्यात जात होता. सांधे तपासत, अंगठा फिरवत ती पुढं निघाली. पहिलं भोक आलं. तिनं श्वास सोडून अंग आकसून घेतलं, आणि ती पलीकडं होती. तिथले सांधे पाहिले. दुसरं भोक, तेही गेलं. सांधे पाहण्याच्या नादात तिची मोजणी चुकली, आणि आता तिसरं, असं ती समजली. जिथं ती अडकली होती, तिथं तपनदानं नोव्हेंबरात भोकाच्या कडेवर, दोन्हीकडून दिसेल अशी, पांढऱ्या रंगानं छोटी फुली मारून ठेवली होती, ती कुठं दिसते म्हणून ती टॉर्च फिरवत राहिली. पुढच्या भिंतीवर फुली नव्हती. ती चक्रावली. वळून मागं टॉर्च मारला, तर फुली मागच्या भिंतीवर! तिसरं भोक ओलांडून ती उभीच्या उभी, म्हणजे आडवीच्या आडवी, पलीकडं आली होती आणि तिला कळलंसुद्धा नव्हतं!

आधी तिचा विश्वास बसेना. ती उलटी फिरली आणि भोकातून परत आली. गेली. पुन्हा आली. दोन्ही बाजूंना मोकळी जागा होती, हात घालून पाहिला तर तळवा सहज मावत होता.

"दीदी? ठीक तो हैं ना?" वरून तपनदाचा घाबरा आवाज घुमत आला. दोर मागंपुढं होताना त्याला दिसत होता.

"पारलाम!" जमलं, असं मधुवंती त्याच्याच बंगालीत गळा फाडून ओरडली. "तपनदा, पारलाम!"

लोखंडात तो आवाज सात वेळा घुमला आणि वर कोणीतरी टाळ्या पिटल्या. मग तिनं डोळे पुसले आणि उरलेल्या टाक्या तपासल्या. पाचवीत, कोपऱ्यातल्या एका सांध्यावर अंगठ्याला बारीक खळगी लागली. टॉर्चमध्ये ती धड दिसतही नव्हती. तिनं खडूनं गोल केला, वर आली, वेल्डरला आत पाठवलं, दुरुस्ती झाल्यावर पुन्हा खाली जाऊन पाहिली आणि मग सही केली. कॅमेऱ्याच्या माणसानं काठी सोडवायला घेतली होती. तिनं त्याला आपल्यातला चहा दिला.

पण चालत घरी येताना एक गोष्ट तिला टोचत होती. रविवारी तीन बोटं कमी पडली, मग मंगळवारी तळवाभर जागा आली कुठून? दोन दिवसांत काय असं झालं? पुलाशी ती पाय उचलत थांबली असताना तिला दुसऱ्या रविवारची ती रेघ आठवली, दोन बोटं वर गेलेली. तिनं कपाळावर हात मारून घेतला आणि पूल मिटताच जवळजवळ धावत निघाली.

घरात शिरताच तिनं टेप काढला आणि बूटही न काढता भोकासमोर बसली. अनिल आणि वैदेही बघत राहिले.

"बेचाळीस," ती म्हणाली. मग उभं माप घेतलं. "बत्तीस. अनिल, ही गोधडीची पट्टी किती जाड आहे?"

"असेल दीड सेंटिमीटर. का?" आणि मग त्याचा चेहरा पडत गेला. दीड इकडून, दीड तिकडून. "अरे देवा! म्हणजे चार महिने मी तुला..."

"तू कशाला? माप मी एकदाच घेतलं होतं. पट्टी लागल्यावर पुन्हा घ्यायचं असतं, हे बावीस वर्षं मी पोरांना ओरडून सांगते." ती हसायला लागली. "मी गेले अनिल! आत जाऊन आले, सही करून आले!"

वैदेहीनं आईला मिठी मारली आणि उड्या मारायला लागली. अनिल मात्र फळीशी खाली बसला. पट्टीवरून बोट फिरवत, तिच्याकडं न बघता म्हणाला, "खरं सांगू? मला वाटलंच नव्हतं तू जाशील म्हणून. वाटलं, दर रविवारी अडकणारच आहे, निदान खरचटू तरी नये. म्हणून लावली."

मधुवंतीला थोडं लागलं, नाही असं नाही. मग तिनं त्याच्या हातावर हात ठेवला.

अनिलनं टेबलावरची पक्कड उचलली. "थांब, आता काढतोच ही."

"हात लावू नकोस," ती म्हणाली. "वैशाखात टगबोट येतेय गोदीत. तिची भोकं बेचाळीस बाय बत्तीसची आहेत."

अनिलनं पक्कड खाली ठेवली. काही वेळानं तो उठला, चपलांच्या कपाटात वाकला आणि आपले जुने कॅनव्हासचे बूट शोधू लागला.