रूपालीचा अनुभव

रूपाली जाऊन आठ महिने झाले, तरी तिचा व्हिडिओ फिरतच होता. बजाजनगरातल्या एका वैद्याच्या शिबिरात ती माईकवर बोलली होती, "स्तनात गाठ होती. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणत होते. काढ्यानं दुखणं थांबलं, भूक लागायला लागली. लई बरं वाटतंय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिचा नवरा अभय, कारखान्यातला फिटर, त्यानंही वाजवल्या होत्या.

ती गेल्यावर अभय वैद्याकडे गेला. व्हिडिओ काढून टाका, म्हणाला.

"त्यात खोटं काय आहे?" वैद्य शांतपणे म्हणाला. "त्यांचाच अनुभव आहे तो."

अभय तसाच परत आला.

पुढं एका रविवारी शेंद्र्याहून सोमनाथ नावाचा माणूस अभयचं घर शोधत आला. सोबत त्याची आई, सारजाबाई. तिलाही तशीच गाठ होती. ऑपरेशनची तारीख मिळाली होती, पण व्हिडिओ बघितल्यापासून ती नको म्हणत होती.

"आईला ताईंच्या तोंडून ऐकायचंय," सोमनाथ म्हणाला.

"ती गेली," अभय म्हणाला. "दिवाळीच्या आधी."

सारजाबाई त्याच्याकडं बघतच राहिली. "मंग खोटं बोलली व्हय?"

"नाय, मावशी. त्या दिवशी तिला खरंच बरं वाटत होतं. मलाबी ती बरी दिसत होती. गाठ आतून वाढत होती, ते तपासणी केल्यावर कळलं. तवर पसरली होती."

"पण शिबिरात तर कितीतरी जण बरे झाल्याचं सांगत होते," सोमनाथ म्हणाला.

"ती गेल्यावरच्या शिबिराला मी जाऊन बसलो होतो. बरं वाटलेल्यांनाच माईकवर बोलावलं. रूपालीचं नाव कुणी काढलं नाय."

"ऑपरेशन केलं असतं तर वाचली असती?" सारजाबाईनं विचारलं.

"तिचं सांगता येणार नाय. डॉक्टर म्हणाले होते, वेळेत आलेल्या बऱ्याच बाया वाचतात. सगळ्या नाय. आम्ही वेळ घालवला."

सारजाबाईनं डोळ्यांना पदर लावला. मग लेकाला विचारलं, "तारीख कधीची हाय?"

"गुरुवारची."

"चल मंग."

ऑपरेशन झालं. किमो अजून चालू आहे, डॉक्टर ठाम काही बोलत नाहीत. अभय दवाखान्यात भेटायला गेला तेव्हा सारजाबाई गळून गेली होती. डोक्याला रुमाल बांधला होता.

"तुझ्या रूपालीचं वय काय होतं?" तिनं विचारलं.

"चौतीस."

उशाजवळची दोन मोसंबी तिनं त्याच्या हातात ठेवली.