माझे कोरडे आकडे

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. थांबा, लगेच तोंड वाकडं करू नका! मी साधीसुधी नव्हे, मासे मोजायची फळी. माझ्या एका टोकाला छोटीशी भिंत आहे. माशाचं तोंड तिला टेकवायचं, अंग सरळ करायचं आणि शेपटीपाशी आकडा वाचायचा. सुताराने आकडे कोरून त्यांत काळा रंग भरला, तेव्हा मी इतकी मिरवले की विचारू नका.

मला बोटीवर आणलं एका शास्त्रज्ञ बाईंनी. समुद्रात मासे किती उरलेत, पिल्लं वाढताहेत की नाही, हे त्यांना मच्छीमारांसोबत राहून पाहायचं होतं. बोटीचा प्रमुख, म्हणजे तांडेल, आधी जरा घुश्शातच होता. "मोजतील आणि आमचीच जागा बंद करतील," असं पुटपुटायचा. त्याची भीती खोटी नव्हती. पिल्लं सापडली नाहीत, तर तिथली मासेमारी थांबणार होती, आणि त्या जागेवरच तर त्याचं आणि त्याच्या भावाचं घर चालत होतं.

पण बाई उलट्या करकरूनही काम सोडेनात, तेव्हा सगळ्यांचा त्यांच्यावर जीव जडला. 'मॅडम'च्या 'ताई' झाल्या. बोटीवरची एकुलती एक खुर्ची त्यांना मिळाली. जाळं वर आलं की तांडेलाचा धाकटा भाऊ माशांच्या ढिगातून टोपली भरून माझ्याशेजारी आणून ठेवायचा. एकेक मासा कसा चकचकीत, भरलेला! ताई मोजायच्या, मग मला धुऊन पुसायच्या, आणि मी अगदी फुलून जायचे.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. माझे मोठे आकडे रोज ओले व्हायचे आणि छोटे आकडे कोरडे ठणठणीत. तिकडे एकही शेपूट फिरकत नव्हती. ताईंचाही चेहरा उतरत चालला. शेवटी एका दुपारी त्या तांडेलाजवळ जाऊन बसल्या.

"दादा, पिल्लं नाहीतच हो. मला तसंच कळवावं लागेल."

तांडेल हातातली दोरी नुसतीच गुंडाळत आणि सोडत राहिला. मला फार फार वाईट वाटलं.

तेवढ्यात जेवणाची हाक आली. ताईंच्या ताटात नेहमीसारखा मोठा मासा. शेजारी धाकटा भाऊ बसला, त्याच्या ताटात बोटभर मासे.

"हे कुठले?" ताईंनी विचारलं.

"आपल्याच जाळ्यातले की!"

"मग मला कधी कसे दिसले नाहीत?"

"अहो ताई, पाहुण्या माणसापुढे असली चिल्लीपिल्ली ठेवायची? बरं दिसतं का ते? मी रोज निवडून बाजूला काढतो."

ताईंनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! आणि मी खुर्चीत बसून टोपलीची वाट बघत राहिले! एकदा उठून ढिगापाशी यायला काय झालं होतं मला?"

तांडेल भावावर ओरडणार होता, पण त्याला हसूच फुटलं. डोळे मात्र भरून आले होते.

आधीची सगळी मापं ताईंनी रद्द केली. मग त्या ढिगापाशीच मांडी घालून बसल्या. हाताला येईल तो मासा घ्यायचा, निवडानिवड नाही. माझे छोटे आकडे असे भिजले म्हणून सांगू! जागा बंद झाली नाही. उलट इतकी पिल्लं पाहून तांडेलच म्हणाला, "ही वाढू देत की." आणि त्याने मोठ्या भोकांचं जाळं घेतलं.

आता मिठाने माझे आकडे खाल्लेत. माझ्या जागी प्लॅस्टिकची गोरीगोमटी फळी आली आहे. आली तर आली, पण मित्रांनो, तिला तरी काम झाल्यावर गोड्या पाण्याने धूत जा. आणि ज्यांच्यावर तुमचा जीव आहे, त्यांच्यापुढे निवडून निवडून चांगलंच तेवढं ठेवू नका. तांडेलाची बोट आजही त्याच जागी जाते, ती धाकट्या भावाने लपवलेल्या त्या बोटभर माशांमुळे.