सत्काराचा फेटा

माझं लग्न ठरलं तेव्हा धारूरच्या रतनमावशीनं मला चुलीपाशी ओढून सांगितलं होतं, "पोरी, घर मोठं हाय, खायाल्यायाला कमी पडायचं न्हाई. पर त्या घरात कुणी पडलं तरी पडलं म्हणत न्हाईत. ध्यानात ठिव." मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. मी म्हटलं, "मग काय म्हणतात मावशी, आडवा झाला?" आणि हसत बाहेर पळाले. मेंदी सुकत होती ना.

माझं सासर गेवराई तालुक्यात, चकलांब्याच्या बाजूला. लग्नानंतर काही वर्षांनी सासरे, मोहनराव, जिल्हा परिषदेला उभे होते. मतदान तोंडावर आलं होतं. सकाळी आमच्या दारातून मोटारसायकलींची रॅली निघाली. मी हरिओमला, माझ्या दोन वर्षांच्या लेकराला, कडेवर घेऊन गच्चीवरून बघत होते. सगळ्यांत पुढं धाकटे दीर विजयसिंह गाडी चालवत होते आणि त्यांच्या मागं पायदानावर उभा राहून सिदूनं झेंडा धरला होता. हेल्मेट एकाच्याही डोक्यावर नव्हतं. सगळ्यांना नवे गमछे वाटले होते, ते डोक्याला बांधलेले.

सिदू मेंढपाळाचा. त्याची मेंढरं दर साली आमच्या रानात बसायची. लेंडीखत आम्हाला, चारापाणी त्याला. हरिओमला खांद्यावर घेऊन तो कोकरू दाखवायला न्यायचा आणि मी खालून ओरडायची, "धरून ठेव रे, धरून!" तो म्हणायचा, "वैनी, मी कोकरू पाडलं न्हाई कधी, ह्ये तर मालकाचं लेकरू हाय."

दुपारी त्याला आणलं ते दोघांच्या मधे बसवून, मोटारसायकलीवरच. त्याची मान पुढच्याच्या पाठीवर पडली होती, खड्डा आला की डोकं हलत होतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाई वैनी, जरा घसरली," विजय भाऊजी म्हणाले. त्यांचं कोपर तेवढं खरचटलं होतं.

बरोबरचा पोरगा हसून म्हणाला, "भाऊंनी व्हिडिओसाठी दोन्ही हात सोडलते. म्होरं गतिरोधक. सिदू गेला उडून, डोकं पुलाच्या कठड्यावर. आमाला वाटलं खपला. पाणी मारलं तवा उठला, हसला बी."

सिदूला ओसरीत बाजेवर टाकलं. डोक्याच्या मागं, कानाच्या वर, लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं. रक्त फारसं नव्हतं. सासूबाईंनी हळद आणली.

"वैनी, झेंडा कुठाय?" सिदू म्हणाला.

"आहे. आत ठेवलाय."

"बरं." आणि लगेच, "वैनी, झेंडा कुठाय?"

असं त्यानं किती वेळा विचारलं देव जाणे. पोरं खिदळायला लागली. एकानं मुद्दाम सांगितलं, "तुझी बायको घिऊन गेली." सिदू म्हणाला, "बरं." मग पुन्हा, "झेंडा कुठाय?"

मागच्या साली हरिओम पलंगावरून पडला होता तेव्हा मी त्याला बीडला नेलं होतं. बालरोगाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, उलटी बघा, झोप बघा, डोळ्यांच्या बाहुल्या बघा. एक मोठी आणि एक लहान दिसली की थांबू नका. हरिओमला काही झालं नव्हतं, पण ती रात्रभर मी मोबाईलच्या उजेडात त्याच्या पापण्या उचलत होते. तेव्हापासून घरात मला डॉक्टरीणबाई म्हणतात. लेकराला शिंक आली तरी डॉक्टरीणबाईला निमोनिया दिसतो, असं सासूबाई पाव्हण्यांना सांगतात आणि पाव्हणे हसतात.

सिदूला उलटी झाली. मी मोबाईलचा उजेड त्याच्या डोळ्यांवर धरला. उजवी बाहुली बारीक झाली. डावी तशीच राहिली, मोठी, काळीभोर.

मी सरळ बैठकीत गेले. तिथं मामंजींच्या भोवती माणसं बसली होती आणि सगळ्यांच्या हातातल्या फोनवर एकच मजकूर फिरत होता. विरोधकांनी टाकलं होतं, मोहनरावांच्या रॅलीत गरिबाच्या पोराचा बळी.

"मामंजी, सिदूला आत्ताच्या आत्ता बीडला न्यायला पाहिजे. डोक्यात रक्तस्राव असेल. डोळे सारखे नाहीत त्याचे."

मामंजी कधी आवाज चढवत नाहीत. म्हणाले, "नेऊ की बाई. पर दवाखान्यात नेलं की पोलीस इचारणार, गाडी कोण चालवत हुतं. उद्याच्या पेपरात आपलं नाव. मतदान होऊन जाऊ दे."

"तोवर तो राहणार नाही."

"शुभ बोलावं." मग माणसांकडं वळून, "बळी म्हणत्यात ना? मग आज सांजच्या सभेत जित्ता दाखवू. स्टेजवर सत्कार करू त्याचा. शाल, नारळ, फेटा. बघू द्या जनतेला."

माणसं खूश झाली. एक तर टाळ्याच वाजवायला लागला. मी माझ्या नवऱ्याकडं बघितलं. हे भिंतीला टेकून उभे होते. "तू आत जा, मी बोलतो," म्हणाले. ते काही बोलले नाहीत. मी दाराआड उभी होते, ऐकत.

ड्रायव्हर बंकटला मी गाडी काढायला सांगितलं. तो जीप पुसत होता, पुसतच राहिला. "मालकानं सांगितल्याबिगर चावी फिरत न्हाई वैनी. मला बी लेकरं हायती."

मग मी न्हाणीत जाऊन १०८ लावला. पत्ता सांगितला, डोक्याला मार, बेशुद्ध होतोय, असं सगळं नीट सांगितलं. गाडी आली. सायरन ऐकून मला वाटलं, झालं, सुटला. मी ओसरीत धावले तर मामंजी फाटकात उभे, हरिओमला कडेवर घेतलेला.

"ह्या शहाण्यानं आईचा फोन दाबला," ते हसत सांगत होते. "आजकालची लेकरं! चहा तर घिऊन जावा."

"पेशंट कुठाय?" रुग्णवाहिकेतल्या माणसानं विचारलं.

"हितं कोण पेशंट? दोन पोरं दमून झोपलीत, रॅलीतली."

"तो बघा! बाजेवरचा!" मी ओरडले. सासूबाईंनी माझा दंड धरला. "सून जरा घाबरट हाय आमची," त्या म्हणाल्या. "बाळंतपणापासून असंच हाय तिचं." त्या माणसानं माझ्याकडं बघितलं, मामंजींकडं बघितलं. चहा न घेता गाडी वळवून गेला. माझा फोन सासूबाईंच्या कपाटात गेला.

सिदूची बायको सुकन्या धावत आली तेव्हा तो झोपला होता, घोरत होता. तिनं हलवलं, हाक मारली. त्यानं डोळे उघडले, परत मिटले.

"मालक, ह्ये मला वळखंना."

"भाव खातोय," विजय भाऊजी म्हणाले. "आज सत्कार हाय ना त्याचा." पोरं हसली.

"माझं ऐक," मी तिच्या कानाशी म्हटलं, "उचल ह्याला, रस्त्यावर ने, कुठलीही गाडी थांबव."

मामंजींनी ऐकलं असावं. ते म्हणाले, "सुकन्या, मेंढरं आता कुठल्या रानात बसल्यात तुझी?"

"तुमच्याच की मालक."

"मग झालं तर. घरी जा, चांगलं लुगडं नेस, आन् सभेला ये. म्होरच्या खुर्चीत बस."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग पदर खोचून निघून गेली. मी तिला दोष देत नाही. मी त्या घरात खाऊन-पिऊन असताना मला जे जमलं नाही ते तिनं कशाच्या जोरावर करायचं?

दिवस कलायला लागला तसा फेटेवाला आला. दोघांनी सिदूला बसता केला. तोंड धुतलं, पांढरा सदरा घातला. फेटेवाल्यानं पहिला वेढा घेतला आणि हात थांबवला.

"मालक, हितं मऊ लागतंय. टेंगूळ लई वर आलंय."

"मग सैल बांध."

"सैल बांधला तर स्टेजवर निसटंल. मान धरत न्हाई ह्यो."

"मग आवळ."

त्यानं आवळला. सिदूच्या तोंडातून आवाज आला, कोकरू दाव्याला ओढल्यावर करतं तसा. तुरा मात्र छान काढला होता. डोळे दिसू नयेत म्हणून विजय भाऊजींनी स्वतःचा काळा गॉगल त्याला घातला. "बघा, हिरो!" म्हणाले. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

सभेला घरातल्या बायका पहिल्या रांगेत. सुकन्या माझ्या शेजारच्या खुर्चीत, अगदी कडेला अंग चोरून बसली होती. दोघांनी काखेत हात घालून सिदूला स्टेजवर आणलं. निवेदक ओरडला, "विरोधक म्हणतात, बळी गेला! मायबाप जनता, हा बघा तुमचा सिदू, आपल्या पायानं चालत आलाय!" लोक उठून उभे राहिले. विजय भाऊजींनी त्याचं मनगट धरून वर केलं आणि हात हलवला. सोडला तसा हात खाली पडला.

मामंजींनी शाल घातली. सिदू शालीवर ओकला.

"भरून आलंय त्याला!" निवेदक म्हणाला. टाळ्या.

मग खुर्चीतच त्याचे हातपाय ताठ झाले, टाचा फळ्यांवर आपटायला लागल्या. गॉगल उडून खाली पडला. सुकन्या किंचाळली. मी स्टेजवर चढले, त्याला कुशीवर वळवला, फेटा सोडायला लागले. गाठ निघत नव्हती. मागून मामंजींचा आवाज माईकवर येत होता, "उपाशी होता दिवसभर, कार्यकर्ता असा असतो! बसून घ्या, बसून घ्या." भाषण पूर्ण झालं. तोवर जीपला वाट मिळाली नाही. खाली उतरणारा रस्ताच माणसांनी भरला होता आणि बाजूला व्हा म्हणायला माईक फक्त त्यांच्या हातात होता.

बीडच्या दवाखान्यात नवऱ्यानं सांगितलं, मेंढ्यांच्या वाड्यात पाय घसरून पडला. मी म्हटलं, गाडीवरून पडलाय, दुपारी. डॉक्टरांनी दोघांकडं बघितलं, कागदावर वाड्याचंच लिहिलं, कारण सुकन्यानंही मान हलवून तेच सांगितलं. तिथून संभाजीनगरला नेलं, कवटी उघडली. तिथले सर्जन मला एवढंच म्हणाले, "दुपारी आणला असता तर चालत घरी गेला असता."

सिदू जगला. उजवा हात चालत नाही नीट, शब्द सापडत नाहीत, आणि फिट येते. कधी आठवड्यातून, कधी एकाच दिवशी दोनदा.

मामंजी निवडून आले. विजयी मिरवणुकीनंतर त्यांनी सिदूला बक्षीस दिलं, त्याचाही फोटो निघाला. बक्षीस म्हणजे नवी लाल मोटारसायकल. मला वाटलं, कुणीतरी म्हणेल, अहो, ह्याला गाडी काय द्यायची? कुणी म्हणालं नाही. सिदूला गाडी दिसते तेवढी कळते. हँडलवर डावा हात ठेवून तो दिवसभर बसतो आणि तोंडानं इंजिनाचा आवाज काढतो. रस्त्यानं जाणारी पोरं त्याला चिडवतात, "सिदूभाऊ, मार की किक! हात सोड की!"

मी एकदाच गेले, हरिओमला घेऊन. सुकन्यानं गाडीची चावी पदराला बांधून ठेवली होती. "मेंढरामागं गेल्यावर ह्यांना एकटंच सोडावं लागतंय वैनी," ती म्हणाली. "पोरं म्हणत्यात आमी वायर जोडून चालू करून देतो. मजा म्हणून. एकदा दिलती बी. बांधापस्तोर गेलते, पडले." तिनं त्याच्या गुडघ्याची नवी जखम दाखवली. सिदूनं हरिओमला घ्यायला हात पुढं केला. मी लेकरू मागं ओढलं. त्याच्या तोंडाकडं मला बघवेना.

ते घरी कळलं. तेव्हापासून मला फाटकाबाहेर एकटीला सोडत नाहीत, आणि बंकट त्या रस्त्यानं जीप नेत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. चकलांब्याकडं जाताना कॅनॉल ओलांडला की डाव्या हाताला पत्र्याची खोली आहे, पुढं मेंढ्यांचा वाडा. सुकन्या दिवसभर रानात असते. थांबा जरा. सिदूला हाक मारा. पडलेला दिसला तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. आणि लाल मोटारसायकल दारात आहे का ते आधी बघा. दारात नसेल तर हाका मारत बसू नका, तसेच पुढं, त्याचं डोकं आपटलं होतं त्या पुलाकडं जा.