अप्पांची शिकवणी

परदेशी जाणारे लोक आधी बॅगा भरतात आणि तिकडे पोचल्यावर नोकरीसाठी उंबरे झिजवतात. बाईंच्या घरात हे चालणार नव्हतं. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केली होती. "कुठे उतरणार ते सांगितल्याशिवाय मी कुणाला तिकीट दिलं नाही," ते म्हणाले. "तुला बरं काढू देईन! आधी नोकरीचं पत्र, मग तिकीट."

बाई चाळिशीच्या, बिनलग्नाच्या, चौदा वर्षं शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या. आई जाऊन सहा वर्षं झालेली, त्यामुळे घरात माणसं दोनच. साठ मुलांच्या वर्गात ओरडून बाईंचा आवाज असा तयार झाला होता, की त्यांनी जेवताना मीठ मागितलं तर खालच्या मजल्यावरचे लोक मिठाचा डबा शोधायचे.

त्यांनी परदेशातल्या शाळांना एकोणीस अर्ज केले. सतरा शाळांनी साधी पोचही दिली नाही, एकीने गोड शब्दांत नकार दिला. उरलेल्या एका शाळेने व्हिडिओवर वीस मिनिटांचा पाठ घेऊन दाखवायला सांगितलं. शिकणारा मोठा माणूस, इंग्रजीचा गंध नसलेला. आणि शिकवताना इंग्रजीखेरीज चकार शब्द काढायचा नाही. परीक्षकच विद्यार्थी होऊन बसणार होते. ही संधी गेली तर पुन्हा अर्ज करायचं बळ आपल्यात उरणार नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

सरावासाठी इंग्रजीचा गंध नसलेला माणूस घरातच होता. तीन आठवडे रोज स्वयंपाकघरात शिकवणी चालली. सकाळचा चहा अप्पाच करत, म्हणून पाठही चहाचाच.

"व्हॉट डू यू मेक?"

"आय मेक टी."

"हाउ मेनी कप्स?"

"टू कप्स."

पहिल्या आठवड्यात अप्पांनी बाईंना अगदी जेरीस आणलं. दुसऱ्या आठवड्यात गाडी रुळावर आली. तिसऱ्या आठवड्यात तर बाईंनी कुठूनही प्रश्न टाकावा आणि अप्पांनी न्हाणीघरातून उत्तर द्यावं, असं सगळं अंगवळणी पडलं.

परीक्षेच्या दिवशी बाईंनी त्यांना आतल्या खोलीत बसवून दार लावलं. "अजिबात आवाज नको हं अप्पा."

"मी कशाला तोंड उघडतोय?"

पडद्यावर तिघे होते, एक चष्मेवाली आणि दोन पुरुष. इंग्रजी न येण्याचं सोंग त्यांना मुळीच जमत नव्हतं. प्रश्न संपायच्या आत बरोबर उत्तर यायचं, आणि पाठ रटाळ होत चालला होता. घाबरल्या की बाईंचा आवाज चढतो, तसा तो चढला.

"हाउ मेनी कप्स?"

बंद दारापलीकडून, भरलेल्या बसच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात उत्तर आलं, "टू कप्स!"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे कोण, असं चष्मेवालीने विचारलं. बाईंनी खरं ते सांगून टाकलं: माझे वडील, माझे विद्यार्थी, तीन आठवड्यांपूर्वी त्यांना काहीच येत नव्हतं. चष्मेवाली पुढे सरकून बसली. "बोलवा त्यांना."

अप्पा सदऱ्याची गुंडी लावत आले आणि खुर्चीच्या टोकावर बसले. आता चष्मेवालीने स्वतः विचारायला घेतलं. काय करता? आय मेक टी. किती कप?

अप्पांनी एकदा बाईंकडे पाहिलं. "वन कप."

बाईंनी सवयीने दोन बोटं वर केली. ती अप्पांना नीट दिसली. त्यांनी पुन्हा, सावकाश आणि स्पष्ट सांगितलं, "वन कप."

परीक्षक खूश झाले. माणूस घोकलेलं म्हणत नाही, स्वतःचं बोलतो आहे, असं म्हणून तिघांनीही काहीतरी लिहून घेतलं.

नवव्या दिवशी पत्र आलं. दोन महिन्यांत रुजू व्हायचं होतं. बाईंनी ते उभ्या उभ्या दोनदा वाचून दाखवलं आणि मग इतके दिवस मनात राहिलेलं विचारलं. "अप्पा, तेव्हा चुकलात कसे हो? टू कप्स तर तुमचं झोपेतही चुकलं नसतं."

अप्पा गाळणी धूत होते. "चुकलो कुठे? तू गेल्यावर कितीचा करायचा? तुझा सराव झाला. म्हटलं, आपणही सुरू करावा."

बाईंनी पत्राची घडी घातली. जाऊच नये असं त्यांना वाटलं. जायची ओढ मात्र तसूभरही कमी झाली नाही, आणि त्याचीच त्यांना लाज वाटली.

"अप्पा, मग मी..."

"कुठे उतरायचं ते कळलं ना? मग तिकीट घे आणि आत सरक. दारात उभं राहायचं नाही."

एवढं बोलून अप्पांनी चहाचं आधण ठेवलं. पाणी मात्र दोन कपांचंच घातलं.