दोन दहा मापाची खोली

अंबूबाईंची परीक्षा होती त्या दिवशी दवाखान्यात बायका आल्या नाहीत, त्यांचे हात आले. कोपरापर्यंतचे, स्वच्छ धुतलेले, बाकड्यांवर ओळीनं बसलेले. पन्नास-साठ तरी असतील. शिपायानं त्यांना नंबराचे कागद वाटले आणि हातांनी ते मुठीत नीट धरले. अंबूबाईंच्या मुलानं, दिगंबरनं, कडेच्या हाताला जरा सरकायला सांगितलं आणि आईला बसवलं.

"गर्दी लई हाय की रं."

"असू दे. आपला नंबर पहिला आहे."

अंबूबाई कासारीण. सोळाव्या वर्षी डोक्यावर बांगड्यांची टोपली घेतली ती बासष्टाव्या वर्षी खाली ठेवली. मधल्या काळात सात गावं पायांखाली घातली. शाळा दुसरीपर्यंत, आणि त्या दुसरीतलंही आता फारसं काही उरलं नव्हतं. गेल्या वर्षी दोनदा गॅस तसाच चालू राहिला. दिवाळीत देवळातून घरी येताना त्या भलत्याच आळीत शिरल्या आणि परक्या दाराशी चपला काढून उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी सांगितलं, आधी आठवणीची परीक्षा करून घ्या. पूर्वीचं काही हरवत असेल तर औषध आहे, रोज करून घ्यायचे धडे आहेत. पहिल्यापासूनच बुद्धी बेताची असेल तर मग काही हरवलेलं नाही, घेऊन जा घरी. अंबूबाईंना धास्ती होती ती याचीच. मरणाला त्या भीत नव्हत्या. पण आपण जन्मभर बेताच्याच होतो असं कुणी कागदावर लिहून ठेवावं, हे त्यांना सहन होणार नव्हतं.

परीक्षेची खोली गोल होती. आत शिरताना अंबूबाईंनी सवयीनं भिंतीवरून तळवा फिरवला आणि बांगडीचं ओळखावं तसं माप ओळखलं. दोन दहा. चांगली सैल.

"बसा काकू," परीक्षा घेणाऱ्या वैदेही मॅडम म्हणाल्या. वय तिशीचं, आवाज मऊ, हातात घड्याळाशिवाय काही नाही. "आज तारीख काय?"

"काल बाजार झाला, म्हंजी आज शुक्रवार."

"वार बरोबर. तारीख?"

तारीख काही आठवेना. भिंत आत सरकली. दोन आठ.

मॅडमनी कागद पुढे केला आणि घड्याळ काढायला सांगितलं. अंबूबाईंनी गोल असा काढला की मॅडम बघतच राहिल्या. पण आकडे त्यात मावेनात. नऊपर्यंत आले आणि बाकीचे टेबलावर सांडले. मॅडमनी ते गोळा करून खणात ठेवले. भिंत पुन्हा सरकली, आणि कपाटाला जागा उरली नाही म्हणून ते बाहेर व्हरांड्यात जाऊन उभं राहिलं. दोन सहा.

मग शब्दांचं कार्ड आलं. अंबूबाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं.

"शिकलेल्या माणसाचं सोपं असतं," मॅडम म्हणाल्या. "बाकीचं गेलं तरी वाचन बराच काळ टिकतं. त्यावरून आधीचं डोकं कसं होतं ते कळतं. तुमचं कशावरून कळायचं, काकू? तुम्ही आधी कशा होता?"

अंबूबाईंनी वर पाहिलं. त्या कशा आहेत, हे जो तो विचारत होता. कशा होत्या, हे एकाहत्तर वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं.

"देव तुमचं भलं करो, बाई," त्या म्हणाल्या. "तुम्ही इचारलं तरी."

नियम असा होता की पूर्वीचं जवळच्या माणसानं सांगायचं. दिगंबरला आत बोलावलं.

"आई ना? पहिल्यापासून अशीच," तो हसून म्हणाला. "पत्र आलं की शेजारी वाचून घ्यायची. हिशेब बाबा बघायचे. साधी आहे हो बिचारी."

त्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं. आईच्या पोळ्या आणि आईचा ओरडा, एवढीच आई त्याला ठाऊक. बांगड्या भरायच्या त्या माजघरात नाहीतर मागच्या अंगणात, बायकाबायकांत. तिथं ना त्याला कधी शिरता आलं, ना त्याच्या बापाला. भिंत इतक्या जोरात सरकली की दिगंबर खुर्चीसकट बाहेर गेला. दाराची खिडकी झाली. दोन चार.

"आई, मी इथंच आहे," बाहेरून आवाज आला.

मॅडमनी रकान्यात 'बेताची' लिहायला पेन उचललं. तेवढ्यात शिपाई ओरडला, "नंबर दोन!" आणि खिडकीतून एक हात आत येऊन टेबलावर पडला.

"हात सैल सोड गं," असं कासारणीच्या सवयीनं म्हणत अंबूबाईंनी तो उचलला. डोळे मिटले. अंगठ्याचं मूळ दाबलं, चारी बोटांची पेरं एकत्र आवळली, तळवा चुरला.

"शेवंता. गुरवाची. लग्नात दोन चार, पहिल्या बाळंतपणानंतर दोन सहा. डावा हात उजव्यापेक्षा कडक, कारण ही डावरी. सासरी कुनाला सांगितलं न्हवतं तिनं."

हातानं मान डोलावल्यासारखं मनगट हलवलं. भिंत जागची हलली नाही.

"नंबर तीन!"

"ही पारू... थांबा. पारू न्हवं, पारूची नात. पेरं आजीची हायत, तळवा बापाचा. हिला म्या कधी बघितलं न्हाई, पण मोरपंखी बांगडी मागंल बघा." त्या हाताच्या मुठीतून मोरपंखी काच डोकावत होती.

मॅडम लिहीत सुटल्या. हातांमागून हात आले. कुणाला कोणत्या जत्रेत काय भरलं, कुणाचा हात कोणत्या सालच्या तापानं वाळला, अंबूबाई सांगत गेल्या. एकदाही अडल्या नाहीत. अकराव्या हाताशी मात्र थांबल्या. मनगटाच्या वर हाड वाकडं जुळलं होतं.

"ही कमळी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "महिन्यात तिसऱ्यांदा बोलावणं आलं. बांगड्या वाढल्या म्हनाली. आम्ही फुटल्या म्हनत न्हाई, वाढल्या म्हनतो. पडले म्हनाली विहिरीवर. पडनाऱ्या बाईच्या दोन्ही हातांच्या जातात, हिच्या एकाच हाताच्या जायच्या, मार चुकवाया आडव्या धरलेल्या. म्या बोलले न्हाई काही. पुढच्या गावात हिच्या आईला बांगड्या भरताना एक हिरवी कमी भरली आणि सांगितलं, ही तुझ्या लेकीकडनं घेऊन ये, आजच जा. दुसऱ्या दिवशी बाप हिला आणाया बैलगाडी घेऊन गेला."

कमळीचा हात टेबलावरून पुढे सरकला आणि अंबूबाईंच्या पायाला लागला. बांगड्या भरून झाल्या की बायका कासारणीला नमस्कार करतात, तसा. मग बाकड्यावरचे सगळे हात खिडकीतून आत आले आणि एकामागून एक नमस्कार करून गेले. अंबूबाई रडत होत्या आणि हसत होत्या. "बरी हायस ना गं," एवढंच प्रत्येकीला म्हणत होत्या.

"हे कुणी सांगितलं म्हणून लिहू?" मॅडमनी विचारलं. हातांना तोंड नव्हतं. पण अंगठे होते, आणि अंगठा कसा उमटवायचा हे या बायकांना कुणी शिकवायला नको होतं. रकाना जांभळ्या ठशांनी भरून गेला.

मॅडमनी तो बराच वेळ पाहिला. "मला पटलंय, काकू. पण इथं एक आकडा लागतो. ठशांचा आकडा कसा करतात ते मला शिकवलेलं नाही."

भिंत शेवटचं सरकली. दोन दोन. या मापाच्या बांगड्या लहान मुलींना होतात. टेबल गेलं, खुर्च्या गेल्या. खोली आता अंबूबाईंच्या बोटांभोवती होती, आणि तिच्यात कुठेतरी मॅडम पेन धरून बसल्या होत्या.

"शेवटचा नंबर," शिपाई म्हणाला.

हात तिशीतला होता. मनगटावर तुळशीचं गोंदण, करंगळीला काचेचा जुना व्रण. अंबूबाईंच्या हातावर तेच गोंदण होतं, पसरून निळसर झालेलं. दाबून बघायची गरजच पडली नाही.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "तू व्हय."

जन्मभर त्यांनी स्वतःच्या बांगड्या स्वतःच भरल्या होत्या, एका हातानं दुसऱ्यात. कासारणीला कोण भरणार? आता त्या तरण्या हातानं त्यांचा म्हातारा हात घेतला, अंगठ्याचं मूळ दाबलं, पेरं आवळली, तळवा चुरला. घाई नाही, दुखवणं नाही. इतकी चांगली कासारीण अंबूबाईंनी कधी पाहिली नव्हती. त्यांना तिचे आभार मानायचे होते, पण शब्द आठवेना, म्हणून त्यांनी ते बोटं तिच्या स्वाधीन करून मानले.

खोली पेरांवरून सरकली आणि अंगठ्याच्या हाडाशी येऊन अडली. या जागी बांगडी एक तर सरकून मनगटात जाते, नाही तर वाढते. आतून पेन कागदावर टेकल्याचा आवाज आला.

"काकू," मॅडम म्हणाल्या, "हात सैल सोडा."

अंबूबाईंनी हात सैल सोडला.