तारांची पक्कड आणि लमुनू

मी एक पक्कड आहे. नेटवर्कच्या तारांना जोडणीची प्लॅस्टिकची टोकं दाबून बसवणारी. कारखान्यात माझ्यासारख्या हजारो घडल्या, पण लमुनूच्या हाती लागली ती मीच.

लमुनू राजधानीत, कंपालात, प्रोग्रॅम लिहायची. रुग्णांच्या डोक्याच्या स्कॅनचे फोटो दूरच्या डॉक्टरांना पाठवणारा प्रोग्रॅम तिनेच बनवला होता. तो कसा चालतो ते पाहायला ती दूर उत्तरेकडच्या गुलू शहरातल्या एका इस्पितळात आली. तिथल्या अबेर सिस्टर म्हणाल्या, "तुझा प्रोग्रॅम फार छान आहे म्हणतात, बाई. इथवर पोचला की आम्हीही बघू."

तारा जुन्या, जोडण्या सैल. फोटो अर्ध्या वाटेत अडकायचे. लमुनू हसली नाही, रागावलीही नाही. महिन्याभरात नोकरी सोडून त्याच इस्पितळात नेटवर्क सांभाळायला आली. आईने कपाळावर हात मारला, "खुर्चीवरची पोर शिडीवर चढली. याला बढती म्हणायचं?"

तिला शिकवायला इस्पितळातले जुने तंत्रज्ञ ओचिती काका होते, निवृत्तीला आलेले. ते मला तिच्या हातात देत म्हणाले, "प्रोग्रॅम चुकला तर खोडता येतो. तार कापली की कापली." पहिल्या आठवड्यात तिने बरीच टोकं वाया घालवली. तिच्या बोटांना फोड आले. माझ्या मुठीला ते कळायचे.

एका दुपारी आंब्याच्या झाडावरून पडलेला मुलगा आला. डोक्याचे फोटो काढले, पण जाईनात. कंपालाच्या डॉक्टरांनी ते पाहिल्याशिवाय इथले डॉक्टर शस्त्रक्रिया करू धजेनात.

लमुनू धावली नाही. प्रोग्रॅममधली चूक शोधावी तशी तिने तारेची वाट निम्मी निम्मी करत तपासली. इथपर्यंत चालू, तिथून बंद. मग ती मला घेऊन छताच्या पोकळीत शिरली. उंदरांनी तार कुरतडली होती. घाम डोळ्यांत जात होता, पण आतल्या आठही बारीक तारा तिने क्रमाने नव्या टोकात लावल्या आणि मला दाबलं. तेवढं नेमकं मला कुणी दाबलं नव्हतं.

खालून अबेर सिस्टर ओरडल्या, "गेले गं, फोटो गेले."

थोड्याच वेळात कंपालाहून फोन आला. "मुलाला इकडे आणण्यात वेळ घालवू नका, शस्त्रक्रिया तिथेच करा." मुलगा वाचला.

आता माझी स्प्रिंग सैल झालीय, दात झिजलेत. लमुनूने नवी पक्कड आणली, मला खणात ठेवलं. त्या मुलाच्या आईला आमची नावं ठाऊक नाहीत. सगळं सुरळीत चाललं की आमची आठवण कुणाला येत नाही. म्हणून एवढंच मागते, बाबांनो: आमची आठवण कुणाला न येवो, मला कधीही खणातून काढायची वेळ येऊ नये.